डोळे मिटून चिनी

शेंडी, म्हणजे घरातलं शेंडेफळ, शाळेतल्या चिनीच्या वर्गातही याच नावाने ओळखली जायची. तिची आत्या शाळेत जमाखर्च शिकवायची आणि घरी शेंडीला वळण लावायची. हा वर्ग बंद पडला तर त्यातली मुलं जमाखर्चाला घालायची, असं शाळेत ठरलेलं. म्हणजे सकाळी दात नीट घासलेस का विचारणारं माणूसच दुपारी ताळेबंद जुळला का विचारणार. एकाच माणसाची एवढी माया शेंडीला झेपणारी नव्हती.

वर्ग ठेवायचा की नाही हे बघायला तपासनीस आले, ते नेमके डोळ्यांच्या व्यायामाच्या वेळी. तो चीनहून आलेल्या नव्या बाईंनी आणलेला. मुलं त्यांना त्यांच्याकडच्या रीतीने लाओशी, म्हणजे शिक्षक, म्हणत. धड्याआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि लाओशी चिनीत आकडे मोजतील त्या तालावर भुवया, कानशिलं हलकेच चोळायची. तिकडच्या शाळांत सगळेच करतात म्हणे.

तपासनिसांनी दारातून पाहिलं तर अख्खा वर्ग डोळे मिटून बसलेला, बाईंसकट.

"सामुदायिक झोप का?" त्यांनी विचारलं.

शेंडी उठून म्हणाली, "झोप नाही सर, डोळ्यांचा व्यायाम. तुम्हीपण बसा ना. चष्म्याने वळ उठलेत तुमच्या नाकावर."

तपासनिसांनी नाक चाचपलं. जन्मभर इतरांची चौकशी केलेला माणूस. त्यांच्या नाकाची चौकशी बहुधा पहिल्यांदाच होत होती. ते मागच्या बाकावर बसले, चष्मा काढला. लाओशी मोजू लागल्या: ई, अर, सान, स. दुसऱ्या फेरीला तपासनीस घोरत होते.

त्यांना उठवायचं कोणी, यावर वर्गात खाणाखुणांनी चर्चा झाली. मुख्याध्यापकांना बोलवावं असं एकाचं मत पडलं. तेही बसले तर काय घ्या, म्हणून ते फेटाळलं गेलं. शेवटी लाओशींनी सगळा धडा कुजबुजत घेतला. मुलांनी उत्तरंही कुजबुजतच दिली. त्या वर्गात एवढं मन लावून कोणी कधी शिकलं नव्हतं, कारण कान टवकारल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं.

एवढ्यात साहेबांना आपल्या वर्गावर न्यायला आत्या आली. तिने बाकावरचा देखावा पाहिला, मग भाचीकडे पाहिलं.

"काय केलंस गं यांना?"

"काही नाही. आकडे मोजले फक्त."

आवाजाने तपासनीस जागे झाले. चष्मा सापडेना, तेव्हा तसेच उभे राहून मागच्या भिंतीला उद्देशून बोलले. इतका शांत वर्ग त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तो चालूच राहायला हवा. शिवाय हा व्यायाम इतर वर्गांतही व्हावा, सुरुवात जमाखर्चापासून, कारण तिथे डोळे जास्त शिणतात. आकडे मोजायला मघाची ती नाकवाली मुलगी पाठवावी.

तेव्हा दुसऱ्या दिवशी शेंडी जमाखर्चाच्या वर्गात गेलीच. फळ्यापुढे उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्याने एक किलकिला ठेवला होता.

"दोन्ही मिटा, बाई," शेंडी अदबीने म्हणाली.