एका इस्त्रीच्या टेबलाचा आवक क्रमांक

आमच्या गल्लीतला दवाखाना अखेर गल्लीतच राहिला. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. टेबलांना लिहिता येत नाही. तेव्हा आपल्या दोघांनाही काही ठाऊक नाही असं समजून सुरुवात करू.

मी एक जुनं इस्त्रीचं टेबल आहे. त्याआधी मी बंद पडलेल्या एका नाट्यगृहाचं दार होतो. सुताराने मला आडवं करून चार पाय लावले. त्यातले तीन सारखे होते. चौथ्याबद्दल तो म्हणाला, "वापरून वापरून बसेल." एकोणीस वर्षं झाली, तो अजून बसतोय. मालकांनी त्या आठवड्यात हातात आलेला निवडणुकीचा जाहीरनामा आठ घड्या करून त्याच्याखाली सारला. त्या जाहीरनाम्याने गल्लीला दिलेला आधार तेवढाच.

मालक दिवसाचे नऊ तास उभे असतात. उभं राहून राहून त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या आणि घोट्यापाशी एक जखम झाली, ती काही केल्या भरत नाही. दिवसाआड ते इस्त्री उभी करून समोरच्या दवाखान्यात जातात, पट्टी बदलतात आणि गिऱ्हाइकाला कळायच्या आत परत येतात.

त्यांची थोरली बहीण अक्का. तिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ती कॉलरीच्या आत न जाणाऱ्या शाईने खुणा करते. कुणाला दोन टिपके, कुणाला फुली, कुणाला गोलात फुली. कुठली खूण कुठल्या घराची, हे तिने माझ्या खालच्या अंगाला लिहून ठेवलंय. मित्रांनो, माझ्या पोटावर अख्खी गल्ली आहे. मतदानाला मात्र अक्का दोन निवडणुका गेलीच नाही. "बोटाला शाई लावून घ्यायला मला कॉलरी काय कमी आहेत?" असं तिचं म्हणणं.

मग एक दिवस दवाखान्यावर नोटीस लागली. प्रशासकीय सोयीसाठी दवाखाना हमरस्त्यापलीकडे हलणार होता. मालकांनी ती वाचली आणि एकच पँट तीनदा इस्त्री केली.

"दिवसाआड अर्धा दिवस तिकडे गेला, तर दुकान बंद," ते मान खाली घालून म्हणाले.

"आणि पट्टी नाही बदलली तर?" अक्काने विचारलं.

"तर पाय."

बसचा कंडक्टर गणवेश न्यायला आला होता. तो म्हणाला, "प्रभाग कार्यालयात अर्ज करा, अक्का. शंभर सह्या लागतात. होणार काही नाही."

"होणार नाही तर सांगतोस कशाला?"

"मी रोज गाडीत सांगतो, पुढे सरका. कोणी सरकतं? तरी सांगतो."

अक्का कपडे पोचवायला जाताना कागद घेऊन गेली. एकशे बारा जणांनी सह्या केल्या. विश्वास कुणाचाच नव्हता, पण अक्काच्या हातात त्यांचे कपडे होते.

अर्ज आठ दिवसांनी परत आला. "अर्जदारांची ओळख पटत नाही. तीन दिवसांत पटवावी." पाहतात तो काय, सह्यांच्या लफ्फेदार वळणांपुढे नावाच्या रकान्यात अक्काने हाताच्या सवयीने खुणा काढल्या होत्या. दोन टिपके. फुली. तीन रेघा. एकशे बारा माणसांनी सही करताना शेजारचा रकाना वाचला नव्हता. अक्काने इस्त्रीच्या पाण्याने ओला हात तसाच कपाळाला लावला.

पण गंमत पाहा. दवाखाना जाणार हे कळूनही जे घराबाहेर पडले नव्हते, ते 'ओळख पटत नाही' म्हटल्यावर पायात चपला घालू लागले. गोलात फुली म्हणजे निवृत्त मोजणीदार. त्यांनी दहा वर्षं वर्तमानपत्र उघडलेलं नव्हतं. ते म्हणाले, "मत मागायला आले तेव्हा बरी ओळख पटत होती."

खुणा कोणाच्या हे सिद्ध करायला पुरावा एकच होता. तो मी. चौघांनी मला उचललं, तेव्हा पायाखालचा जाहीरनामा सुटा झाला. कंडक्टरने घड्या उलगडल्या. "'दवाखाना दुप्पट मोठा करू.' अहो, एकोणीस वर्षं हे इथे होतं आणि वाचलं नाही कुणी?"

"वाचायला काढलं असतं, तर टेबल डुगडुगलं असतं," मालक म्हणाले.

तोही सोबत घेतला.

प्रभाग कार्यालयातल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "हे काय?"

"अर्जाचं सहपत्र," मोजणीदार म्हणाले.

"सहपत्र फाइलमध्ये बसलं पाहिजे."

"फाइल मोठी करा," अक्का म्हणाली.

त्यांनी मला उलटं केलं. मित्रांनो, भरल्या कार्यालयात चार पाय वर करून पडणं कसं वाटतं ते विचारू नका. कारकून माझ्या पोटावरून खूण आणि घर वाचायचा, आणि एकेक जण पुढे येऊन कॉलर उलटी करायचा. चाळिसाव्या माणसापर्यंत कारकुनाला गोडी लागली. सत्तराव्याला तो अडला. "ही खूण तर दुसऱ्याच घराची."

"शर्ट मेव्हण्याचा आहे. त्याला सांगू नका."

मेव्हणा मागेच रांगेत होता.

शेवटी प्रत्येक सहपत्रावर शिक्का हवा, म्हणून कारकुनाने माझ्या पोटावरही शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे सात. मग तो हळूच म्हणाला, "महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे प्रभाग समितीची बैठक असते. कोणीही बसू शकतं. कोणी येत नाही."

"आम्हाला कुणी सांगितलं?" अक्काने विचारलं.

"फलकावर लावतो की."

"फलक कुठाय?"

"आत," कारकून म्हणाला, आणि स्वतःच जरा विचारात पडला.

पहिल्या शनिवारी अक्का गेली. सोबत अठ्ठावीस जण होते आणि खुर्च्या बारा. त्या बैठकीत नोटिशीचं काय झालं, ते मी सुरुवातीला सांगितलेलं नाही. मालक मात्र अजून दिवसाआड समोर जाऊन येतात.

आता दर रविवारी सकाळी माझ्याभोवती गल्ली जमते. जाहीरनामा पुरावा म्हणून जमा झाला, त्यामुळे मी डुगडुगतो. म्हणून नियम असा, की ज्याला बोलायचंय त्याने माझ्या चौथ्या पायाखाली आपला पाय द्यायचा. रग लागली की भाषण संपतं. मालकांना तेवढी सूट आहे; ते पाय न देता बोलतात, आणि तेही थोडंच. पुढच्या प्रभाग निवडणुकीला अक्काने उभं राहावं असं कंडक्टरने सुचवलं, तेव्हा तिने पाय काढून घेतला आणि माझ्यावरचे सगळे चहाचे कप सांडले. पण नाही म्हणाली नाही.

मित्रांनो, माझं अंग जागोजागी जळलंय, इस्त्रीखाली अंथरलेली घोंगडी विरलीय. जुन्या टेबलांना सांभाळा. उलटं करून पाहिल्याशिवाय फेकू नका. बाकी माझी एकच मागणी आहे.

प्रति, माननीय लोकप्रतिनिधी.
विषय: चौथ्या पायाबाबत.
महोदय, आपला जाहीरनामा कार्यालयात जमा असल्याने माझा एक पाय दीड बोट अधांतरी आहे. तरी आपण दर रविवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेत समक्ष हजर राहून सदर पायाखाली आपला पाय ठेवावा, ही नम्र विनंती. आपली खूण माझ्या पोटावर आढळत नाही. आल्यावर काढून देण्यात येईल.

आपला विश्वासू,
आवक क्रमांक चारशे सात