येर्कोच्या नावाचे खाते

माझ्या पहिल्या पानावरचे ‘पुस्तक घ्या’ हे बटण सहा मिलिमीटर उंच आहे. माणसाच्या बोटाचे टोक त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे दहा वेळा बोट टेकवले, तर चार वेळा ते खालच्या ‘रद्द करा’वर पडते. मित्रांनो, मी एका सार्वजनिक वाचनालयाचे जुने ॲप आहे. माझ्यात नेमके काय चुकले हे मोजायला माणसांना नऊ वर्षे लागली.

स्प्लिट शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत तिघांनी मला अकरा आठवड्यांत तयार केले. मी ज्या बेटासाठी जन्मलो, तिथे हिवाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की शहराहून येणारी बोट बंद राहते आणि तिच्याबरोबर येणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही अडकतात. माझी पडद्यावर वाचायची पुस्तके मात्र कोणत्याही वाऱ्यात पोचत आणि चौदाव्या दिवशी आपोआप परत जात. पहिल्या हिवाळ्यात माझ्यावरून सहाशे चाळीस पुस्तके वाचली गेली. ग्रंथपाल दिंकाने वाचनालयात केक कापला. माझे कौतुक वर्तमानपत्रातही आले.

बेटाच्या पार टोकाच्या गावात येर्को आणि त्याची बायको पेरिना राहत. येर्को बोटींची इंजिने दुरुस्त करून निवृत्त झाला होता. त्या बेटावर घराला वाचनालयाचे एकच कार्ड असते आणि ते घरधन्याच्या नावाचे असते. तसे करायला कोणी सांगितलेले नाही, पण सगळे करतात. पुस्तक येर्कोच्या नावावर येई. आधी तो वाची, मग त्याच टॅबलेटवर पेरिना. तो आवडलेल्या वाक्यांखाली पिवळ्या रेघा मारी. पेरिना त्याला म्हणे, तुला अर्धे पुस्तक आवडते, मग रेघ न मारलेलेच वेगळे काढून दे. पुस्तक परत गेले तरी रेघा माझ्याकडे राहत. ते पुन्हा घेतले की त्या जागच्या जागी दिसत.

तीन वर्षांपूर्वी येर्को वारला. बेटावर अशी बातमी दुकानाजवळच्या फळ्यावर चिकटवतात. ती सर्वांनी वाचली. दिंका स्वतः अंत्ययात्रेला गेली होती. आणि सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे वाचनालयाला कळवायचे कोणालाच सुचले नाही. मी तर फळा वाचू शकत नाही. मी लिहीतच राहिलो : ‘प्रिय येर्को, तुमचे पुस्तक आले आहे.’

पेरिना ते मोठ्याने वाची. मग ती त्याने वाचलेलीच पुस्तके एकेक करून पुन्हा मागवू लागली. गोष्ट ती फारशी वाचत नसे. ती रेघेवरून रेघेवर जाई.

या काळात माझी अवस्था वाईट झाली. लोकांचे फोन बदलले, मी बदललो नाही. माझी अक्षरे पडद्याबाहेर जाऊ लागली. एक पुस्तक घ्यायला सहा पायऱ्या, आणि पाचव्या पायरीवर पुन्हा परवलीचा शब्द. लोक कंटाळले. कोणी मला शिव्या दिल्या, बहुतेकांनी नुसते काढून टाकले. गेल्या हिवाळ्यात माझ्यावरून एकतीस पुस्तके गेली. त्यातली सत्तावीस येर्कोच्या खात्यावर होती.

शेवटी वाचनालयाने मला नव्याने घडवायचे ठरवले. त्यासाठी स्प्लिटहून यास्ना नावाची बाई आली. मला कोण कसे वापरते हे तिला घरोघरी बसून पाहायचे होते. दिंका तिला पेरिनाकडे घेऊन गेली. यास्नाने टेबलावर वेळ मोजायचे घड्याळ ठेवले.

“शर्यत आहे का गं?” पेरिनाने विचारले. “आधी सांगायचं, चष्मा तरी पुसला असता.”

एक पुस्तक घ्यायला तिला चार मिनिटे दहा सेकंद लागली. यास्नाने आकडा लिहिला. मग खात्यावरचे नाव पाहून तिने विचारले की मालक कुठे आहेत, त्यांचीही चाचणी घेता येईल.

“वर, टेकडीवरच्या दफनभूमीत,” पेरिना म्हणाली. “गावात सगळ्यात चांगला समुद्र त्यालाच दिसतो. तू चढून जा, पण उत्तर मिळेल असं नाही.”

यास्ना खाली पाहू लागली. दिंकाने घाईने सुक्या अंजिरांची बशी तिच्यापुढे सरकवली.

यास्नाने नवे ॲप चांगले केले, हे मी मान्य करतो. तिथे दोनच पायऱ्या आहेत. अक्षरे मोठी आहेत. पण तिथे प्रत्येक खाते जिवंत माणसाचे असावे लागते. एक मार्चला मी बंद होणार होतो आणि पडताळणी न झालेली सारी खाती रेघांसकट पुसली जाणार होती. रेघा वाचवायचा एकच मार्ग होता. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतःचे कार्ड काढायचे आणि जुने खाते का बंद करायचे, ते अर्जात सांगायचे.

दिंकाने तो अर्ज डिसेंबरात आणून दिला. पेरिनाने तो तेलाच्या बाटलीखाली ठेवला. जानेवारीत दिंकाने दुसरा आणला, कारण पहिल्यावर तेलाचे गोल डाग पडले होते. पेरिना म्हणाली की सवडीने बघू. तिला सवडच सवड होती. मला वाटते, तिला कारणाच्या त्या एका रकान्याची भीती होती. तो भरला की ‘प्रिय येर्को’ असे तिला पुन्हा कोणीही लिहिणार नव्हते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका, असे मी म्हणणार नाही. मी खरोखरच निकामी झालो आहे. पण टाकण्यापूर्वी तिच्यात कोणाचे काय राहिले आहे, एवढे विचारत जा. आणि ते तुमचे असेल, तर वेळेत मागून घ्या. आम्हा यंत्रांना वाट पाहता येत नाही. आम्ही ठरल्या तारखेला पुसतो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला दुपारी दिंका पुन्हा आली. सकाळपासून दक्षिणेचा वारा होता, खिडक्या वाजत होत्या. या वेळी तिने अर्ज टेबलावर ठेवला नाही, स्वतः हातात धरून पेन उघडले. ती म्हणाली की मी लिहू शकते, पण कारण घरच्याच माणसाने सांगावे लागते. आणि संध्याकाळी पाचला कार्यालय बंद होते.

पेरिनाने टॅबलेट जवळ ओढला. माझ्या पानावर कालचाच निरोप होता. तिने तो या वेळी मनातच वाचला. तिचा अंगठा काचेवर बराच वेळ तसाच राहिला.

“एवढ्या वर्षांत मी एकदाही तुला विचारलं नाही, तुझ्या नावाचं कार्ड हवं का म्हणून,” दिंका हळू आवाजात म्हणाली. “माझीही चूक आहे, मावशी.”

पेरिनाने मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लिही,” ती म्हणाली. “येर्को वारला. कार्ड माझ्या नावाचं कर, आणि त्याच्या रेघा मला दे.”