डाव्या कोपऱ्यातली अंजिरं

आमच्या रविवारच्या बाजारात एकदा इतकी तिखट मिरची आली होती, की टोपलीवर झाकण ठेवलं तर झाकणालाच घाम फुटायचा. आणि ज्या वर्षी काकडीला पाणी मनासारखं मिळालं, त्या वर्षी एक काकडी एवढी लांबली, की तिचा देठ बाजारात विकला जात होता तेव्हा शेंडा अजून शेतातच वाढत होता. खोटं वाटत असेल तर शेंड्याला विचारा. असल्या गोष्टी मी अडतीस वर्षं त्या बाजारात उभ्या उभ्या सांगितल्या. लोक मला थापाड्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यामुळे राग यायचं काही कारण नव्हतं.

पण थापा ही माझी हौस नव्हती. ती कामगिरी होती, आणि ती मला बायकोने नेमून दिली होती.

त्याचं असं. बंद पडलेल्या कारखान्याच्या पत्र्याखाली दर रविवारी सकाळी सात ते अकरा हा बाजार भरतो. नियम दोनच. ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं, म्हणजे त्या आठवड्यात जे झाडावर तेच टेबलावर. आणि मालाला हात लावायचा नाही. प्रत्येक टेबलावर पाटी: ‘हात लावू नये. मागा, मिळेल.’ मागितलं की मिळायचं हे खरं, पण मिळायचं ते पुढच्या रांगेतलं. आमच्या हिचं म्हणणं असं, की हात न लावता फळ घेणं म्हणजे न बघता जावई पसंत करणं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने डाव आखला. मी टेबलाच्या उजव्या टोकाला उभं राहायचं आणि गोष्ट सुरू करायची. विकणारा माझ्याकडे वळला की त्याची पाठ डाव्या टोकाकडे होते. तिथे ही उभी. माझं तोंड चालू, तिची बोटं चालू. तिने कधी कोणाचा पैसा बुडवला नाही. पिशवी काट्यावर ठेवून, चोख पैसे मोजूनच ती निघायची. चोरी होती ती फक्त निवडीची. गोष्ट संपली की भरलेली पिशवी माझ्या हातात यायची आणि मी रामराम करून चालू पडायचो. वाटेत ती निकाल सांगायची. आज गोष्ट आखूड पडली, तळाची दोन राहिली. किंवा, आज एवढं पाल्हाळ कशाला, माझे पाय दुखले.

गेल्या थंडीत ती अंथरुणाला लागली. उन्हाळा संपत आला तोवर तिचं खाणं चमच्यावर आलं होतं. लेक रजा टाकून येऊन राहिली. डॉक्टरीणबाईंनी लेकीला जिन्यात गाठून सांगितलं आणि लेकीने मला स्वयंपाकघरात सांगितलं, की आता त्या जे मागतील ते द्या. मागणारी मात्र काही मागतच नव्हती. तोंडाला चव नाही म्हणायची आणि भिंतीकडे वळायची.

एका शनिवारी तिने आपणहून विचारलं, “अंजिरं आली का हो?”

अंजिरं आमच्याकडे वर्षातून फार तर तीन रविवार असतात. ती आणायची एकच बाई. उतारावर तिची तीस-पस्तीस झाडं आहेत. सगळा बाजार तिला वहिनी म्हणतो; ती नेमकी कोणाच्या भावाची बायको, ते कोणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, उद्या बघतो. तर हिने उशीवरून मान उचलून मला धडा दिला. “मान ताठ असलेलं घेऊ नका. मान वाकलेलं हवं. कातडीला बारीक भेग हवी, आणि बुडाशी मधाचा थेंब. थेंब नसेल तर ठेवून द्या. झाडावरून उतरलं की ते पिकत नाही.” एवढं बोलून तिला धाप लागली. पण किती महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं होतं. लेकीने तेवढ्यावर खिडक्यांचे पडदे धुऊन काढले.

रविवारी मी गेलो. वहिनींच्या टेबलाला उजव्या टोकाला उभा राहिलो, कारण माझी जागा ती. वहिनींनी विचारलं, काकू कुठे? मी म्हणालो, घरी आहे, जरा विश्रांती. आणि तो विषय नको म्हणून एकदम त्या गाढवाच्या गोष्टीत शिरलो, ज्याच्याशी खरं बोललं की ते जागचं हलायचं नाही आणि थाप मारली की चालू लागायचं. त्याचा मालक इतका सरळ माणूस की त्याला स्वतःच ओझं उचलावं लागायचं. शेवटी त्याने गाढवाला सांगितलं, तू देखणा आहेस. तर ते जे सुटलं ते शेजारच्या मुलखात जाऊन थांबलं. गोष्ट झकास जमली. माणसं गोळा झाली, टोमॅटोवाला आपलं टेबल सोडून ऐकायला आला. सगळे हसत असताना मी पिशवी उचलली, रामराम केला आणि निघालो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबलो तेव्हा पिशवी वाऱ्याने हलली.

आत काही नव्हतं.

अडतीस वर्षं गोष्ट संपली की पिशवी भरलेली असायची. ती आपोआप भरते असं मी समजत होतो, एवढा काही मी खुळा नाही. पण माझा हात तसं समजत होता. हाताने पिशवी उचलली, कारण गोष्ट संपली होती. साडेअकरा वाजले होते, बाजार उठला होता. मी त्या वळणावर बराच वेळ उभा राहिलो. मग वर गेलो आणि जे मला येतं ते केलं.

तिला म्हणालो, अगं, अंजिरं आलीच नाहीत. या वर्षी पाखरांनी आधीच ताव मारला. इतकी खाल्ली, इतकी खाल्ली, की रस अंगात चढला आणि एकालाही उडता येईना. वहिनी सांगत होत्या, अख्खा थवा सडकेच्या कडेने रांगेत पायी घरी गेला. त्यातलं एक तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारत होतं.

ती हसली. आवाज आला नाही, पण पांघरूण हललं. “मग पुढच्या रविवारी,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

स्वयंपाकघरात लेक ती रिकामी पिशवी उलटी धरून उभी होती. आवाज न चढवता तिने सांगितलं, की तासाभरापूर्वी खालून दोन बाया अंजिरं खात गेल्या. तिने खिडकीतून बघितलं होतं. मग ती म्हणाली, “बाबा, एकदा तरी घरी काहीतरी खरं आणा.”

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि घडी करून खुंटीला लावली.

तो आठवडा मी जिना चढण्या-उतरण्यात घालवला. औषधं आणली, बर्फ आणला, पुन्हा औषधं. बुधवारी तिने सूप नको म्हटलं. शुक्रवारपासून नुसतं पाणी, तेही लेक चमच्याने ओठ भिजवायची. शनिवारी मी तिला विचारलं, उद्या आणू ना? तिने मान हलवली आणि अंगठा नि बोट जुळवून हवेत काहीतरी अलगद दाबून दाखवलं. निवडून आणा, असं ते होतं.

दुसऱ्या रविवारी सातला पाच कमी असतानाच मी टेबलापाशी होतो. सवयीने उजव्या टोकालाच. पुढच्या रांगेतली सगळी अंजिरं ताठ मानेची, परेडला उभी केल्यासारखी. डाव्या कोपऱ्यात अंजिराचं मोठं पान पालथं घातलेलं होतं. मी तिकडे जाऊन हात घालावा, तर इकडे बोलणार कोण? आणि इकडे बोलत राहिलो तर काय होतं ते मागच्या रविवारी दिसलंच होतं. एकट्या माणसाचा हा धंदाच नव्हता. मी पिशवीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

वहिनींनी टेबल पुसायचं थांबवलं. “काका, आज गोष्ट नाही?”

“नाही.”

“काकू कशा आहेत?”

बरी आहे, हे दोन शब्द तोंडात तयार होते. आयुष्यभर इतक्या मोठाल्या थापा सहज निघाल्या, ही एवढीशी निघेना. मी म्हणालो, “अंजिरं मागतेय. दुसरं काहीच मागत नाही.”

त्यांनी फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, “मग सांगा की गोष्ट.”

“सांगितली तर उचलणार कोण?”

बोलून गेलो आणि जीभ चावली. अडतीस वर्षं जपलेलं गुपित, मी ते टेबलावर सांडून ठेवलं. वहिनींच्या तोंडावर काही हललं नाही. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, फेरा घालून टेबलाच्या डाव्या टोकाला, ग्राहकाच्या बाजूला, जाऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “उचलते मी.”

त्यांनी पान उचललं. खाली दहा-बारा अंजिरं होती. मान वाकलेली, कातडीला भेगा, आणि प्रत्येकाच्या बुडाशी थेंब. पहाटे तोडतानाच आपण ती बाजूला काढतो, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या हाताखाली टेबल लावायला लागल्या, तेव्हापासून. मागच्या रविवारी मी परत येईन म्हणून अकरापर्यंत वाट बघितली, मग मधमाश्यांना सोडून दिली. “आणि हे काकूंना कळू देऊ नका. त्यांना वाटतं, मला पत्ता नाही.”

मग मी गोष्ट सांगितली. एक बाई होती, म्हणालो. तिची बोटं अशी, की नुसतं फळ चाचपून सांगायची ते कुठल्या झाडाचं, कुठल्या फांदीचं, आणि तोडणारा सकाळी बायकोशी भांडून आला होता की नाही. तिने नुसता हात लावला की कच्चं फळ शरमून पिकायचं. दूरदूरचे बागवाले तिला बोलवायला यायचे, पण ती जायची नाही, कारण तिच्या नवऱ्याला पिशवी धरण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि त्याला एकट्याला टाकून जाणं बरं दिसलं नसतं. टोमॅटोवाला आला होता, पण या वेळी तो हसला नाही. वहिनी एकेक अंजीर दोन बोटांनी उचलून पिशवीत ठेवत होत्या, खाली मान घालून, हळूहळू. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं, आमच्या डावाचा तोच तर नियम होता.

घरी लेकीने अंजिरं बशीत मांडली. हिने आधी अख्खं एक हातात घेतलं. अंगठा मानेवरून फिरवला, मग बुडाशी नेला. बोट चिकट झालं ते तिने बघितलं.

“कोणी निवडली?”

“मी,” म्हणालो. “इकडे गोष्ट चालू, तिकडे हात चालू. दोन्ही मीच. वहिनींना पत्ता लागला नाही.” इतक्या जपून मी कधी खोटं बोललो नव्हतो.

लेकीने एकाचे दोन भाग करून अर्धं तिच्या ओठांशी नेलं. ती कितीतरी वेळ चघळत राहिली. मग उरलेलं अर्धं मागितलं. तेही संपल्यावर म्हणाली, “डाव्या कोपऱ्यातली आहेत. पानाखालची.”

मी बशी जरा तिच्याजवळ सरकवली.

“मला माहीत आहे, ते तिला सांगू नका. तिला वाटतं, मला कळत नाही.”

“कधीपासून माहीत आहे?”

“तिची सासू ठेवायची तेव्हापासून. टोमॅटोवाला पण ठेवतो, पेटीच्या मागे. सगळेच ठेवतात.”

“मग इतकी वर्षं मी गुंगवत कोणाला होतो?”

तिने श्वास जमा केला. “कोणाला नाही. तुम्ही सांगत होता, आम्ही ऐकत होतो. मी उचलायला मुद्दाम उशीर लावायची. लवकर उचललं असतं तर तुम्ही लवकर संपवलं असतं.” मग म्हणाली, “आज काय सांगितलं?”

मी ती बाई आणि तिची बोटं सगळी पुन्हा सांगितली, आणखी थोडं मीठमसाला लावून. मधेच तिने आणखी अर्धं अंजीर खाल्लं. पिशवी धरणाऱ्या नवऱ्यापाशी आलो तेव्हा तिचा डोळा लागला होता. लेक दाराशी उभी होती. ती म्हणाली, पुढे सांगा. मी सांगितलं.

दीड अंजीर. अंजीर दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. मंगळवारी बशीतली सगळी आंबली होती. तरी बशी हलवू नका, वास येऊ दे, असं तिने खुणेने सांगितलं. बुधवारी दुपारी ती गेली. लेकीने आधी तिचा हात पुसला, मग बशी उचलली.

त्यानंतरच्या रविवारी बाजारात अंजिरांचा शेवटचा दिवस होता. मी जाणार नव्हतो. लेकीनेच पिशवी हातात दिली आणि दार उघडून धरलं.

वहिनींनी मला लांबून येताना बघितलं. बातमी पोचली असावी, नाहीतर माझ्या चालण्यावरून कळलं असावं. मी उजव्या टोकाला थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा टेबलाला वळसा घालून डाव्या कोपऱ्याशी गेलो. तिथे पान पालथं घातलेलंच होतं. तिथून माझी जागा स्वच्छ दिसते, हे मला ठाऊक नव्हतं: टेबलाचा पाय आणि लोखंडी खांब यांच्या मधली, पाय घासून गुळगुळीत झालेली एवढीशी जमीन.

वहिनींनी माझ्याकडे पाठ केली आणि त्या रिकाम्या जमिनीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी पान उचललं. मान वाकलेलं एक घेतलं, बुडाशी बोट लावलं, थेंब होता. मग दुसरं. घाई केली नाही. पिशवी भरेपर्यंत वहिनी तिकडेच बघत होत्या.