रिकाम्या वेळेचा रकाना

बूट घालता घालता सुपरवायझरने तिसऱ्यांदा खिसा चाचपला. कार्ड जागेवर होतं. त्यावर चार वाक्यं होती आणि ती त्याला इतकी पाठ झाली होती की सकाळी दात घासतानाही ओठ आपोआप हलत होते.

"बाबा, एकदा म्हणून दाखवा," मुलगी म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गेलं वर्षभर बापाची मास्तरीण झाली होती.

"चहा तरी पिऊ दे त्यांना," बायको आतून म्हणाली. "घशाला कोरड पडली तर चारांची दोनच होतील."

"मला एक पुरे आहे," तो म्हणाला.

हे त्याने थट्टेने म्हटलं नव्हतं. तो एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर होता. लाँड्रीचे इन्चार्ज पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि ती जागा हवी तर एमबीए लागेल, असं वरून कळवण्यात आलं होतं. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तो दर शनिवारी युनिव्हर्सिटीत जाऊन बसत होता. लिहायच्या परीक्षेचं त्याला भय नव्हतं. पण या एका विषयात शंभरातले चाळीस मार्क वर्गात बोलण्याचे होते, आणि जो सबंध सत्रात एकदाही बोलला नाही तो नापास. मग पेपरात त्याने सोनं का उधळलेलं असेना. तेरा शनिवार होऊन गेले होते. तेराही शनिवार तो शब्द जुळवत बसला आणि त्याचे शब्द जुळेपर्यंत चर्चा दुसऱ्याच गावाला पोचलेली असे. आजचा चौदावा वर्ग शेवटचा होता.

एवढंच असतं तरी निभलं असतं. पण मंगळवारी त्याने शेवटच्या वर्गात चर्चेला असलेली केस, म्हणजे एका खऱ्या संस्थेची लिहून काढलेली हकीकत, उघडली आणि दुसऱ्या पानावर तो थबकला. केसमध्ये हॉस्पिटलचं नाव नव्हतं, पण मळक्या कपड्यांच्या तीन रंगांच्या पिशव्या होत्या, जिन्याखालची कोंदट इस्त्रीची खोली होती, आणि 'डाव्या हाताने इस्त्री करणारी एक वयस्क कामगार' होती. ती त्याचीच लाँड्री होती आणि ती कामगार म्हणजे मावशी. सगळे तिला मावशीच म्हणत. केस अशी होती, की हॉस्पिटलच्या मॅनेजरांनी प्रत्येक कामगाराच्या कामाचा वेळ मोजून घेतला, सर्वांत संथ कामगाराला इस्त्रीवरून काढून पिशव्या मोजायला बसवलं, आणि महिन्याभरात खोलीचं काम अठरा टक्क्यांनी वाढलं. शेवटी प्रश्न होता: या निर्णयातून मॅनेजरांचे कोणते गुण दिसतात?

वेळ कुणी मोजला, हे केसमध्ये नव्हतं. तो याने मोजला होता. स्टॉपवॉच घेऊन चार दिवस तो मावशीच्या टेबलाशी उभा होता.

मावशीची पद्धत वेगळी होती. ऑपरेशनचा गाऊन इस्त्रीखाली घेण्याआधी ती तो पालथा करी आणि शिवणीवरून सावकाश तळहात फिरवी. धुण्यातूनही शिवणीत अडकून राहिलेल्या सुया, टाचण्या, एकदा तर ब्लेडचा तुकडा, असं काय काय तिच्या हाताला लागे आणि ती ते एका पत्र्याच्या डबीत टाकी. "तू घड्याळ धर, मी सुई धरते," ती त्याला हसून म्हणाली होती. फॉर्मवर दोनच रकाने होते, काम आणि रिकामा वेळ. तळहात फिरवण्याचा वेळ कुठे लिहायचा, असं त्याने मॅनेजरांना विचारलं. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "हात इस्त्रीवर नाही ना? मग रिकामा." याने तसं लिहिलं.

मावशी पिशव्यांवर गेली आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडून गेली. त्यानंतर घड्या घालणाऱ्या एका बाईच्या बोटात सुई शिरली. पुढचे सहा महिने त्या बाईच्या रक्ताच्या तपासण्या चालल्या होत्या. प्रत्येक तपासणीच्या दिवशी सुपरवायझर काही ना काही निमित्त काढून तिच्या टेबलावरून जाई आणि तिच्या तोंडाकडे बघे. ती वाचली, नशीब. पण केस अठरा टक्क्यांवरच संपत होती.

त्याच्या खिशातल्या कार्डावर हे काहीच नव्हतं. कार्डावर मॅनेजरांचा धीटपणा, मोजमापाचं महत्त्व आणि आणखी दोन गोड वाक्यं होती. एक वाक्य बोलायचं, नावापुढे खूण पाडून घ्यायची आणि गप्प बसायचं, असा त्याचा बेत होता.

वर्गाच्या दारातच त्या बेताला पहिला धक्का बसला. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर, खुद्द मॅनेजर साहेब बसले होते.

"अरे, तुम्ही याच वर्गात का?" ते प्रसन्नपणे म्हणाले. "तुमच्या मॅडमनी बोलावलं म्हणून आलो. त्यांनी आपल्यावरच लिहिलंय, वाचलंत ना? आज ऐकू तुमचं."

"हो साहेब," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याने खिशातलं कार्ड पुन्हा चाचपलं.

वर्गाची रीत ठरलेली होती. प्रत्येकापुढे जाड कागदाची पाटी आडवी पडलेली असे. बोलायचं असेल त्याने ती उभी करायची. मागे मॅडमची सहायिका यादी घेऊन बसे आणि बोलणाऱ्याच्या नावापुढे खूण करी. शेजारच्या विमावाल्याने त्याच्याकडे झुकून विचारलं, "काका, आज तरी पाटी उभी करणार, की तिला झोपेतच पास व्हायचंय?"

"करतो," तो पुटपुटला.

मॅडमनी फळ्यावर मोठा अठराचा आकडा काढला आणि मॅनेजरांची ओळख करून दिली. ओळख संपायच्या आत पुढच्या रांगेतली एक पाटी उभी राहिली. ती बँकेतली अधिकारी मुलगी होती. सगळा वर्ग तिला तोफ म्हणे आणि तिलाही ते आवडे. सुपरवायझरचा हात त्या वेळी पाटीपासून वीतभर अंतरावर होता.

"मॅडम, मला मॅनेजरांचा धीटपणा महत्त्वाचा वाटतो," तोफ म्हणाली. पुढे ती मोजमापावर बोलली. मग तिने तिसरा मुद्दा मांडला, मग चौथा. सुपरवायझर खिशात कार्ड धरून ऐकत होता. त्याची चारही वाक्यं, शब्द बदलून, त्याच क्रमाने खोलीभर फिरून बाहेर पडली.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" विमावाल्याने विचारलं.

"काही नाही."

पाऊण तास गेला. लोक बोलत राहिले, मॅनेजर माना डोलावत राहिले. मग मॅडमनी सहायिकेकडून यादी मागवली आणि चष्मा वर सरकवून ती वाचली.

"एकच नाव उरलंय," त्या म्हणाल्या. "शेवटून दुसऱ्या रांगेत. तुमच्या नावापुढे सबंध सत्रात एकही खूण नाही. शेवटची संधी आहे, बोला."

ऐंशी माना वळल्या. तो उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, पण पाय आपले आपणच उभे राहिले. तोफेचंच वाक्य उलटं करून म्हणता आलं असतं. तेही चाललं असतं, खूण झाली असती. त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्याला मॅनेजरांच्या मानेवरची इस्त्रीची कडक कॉलर तेवढी दिसत होती.

"मॅडम, ते अठरा टक्के घड्याळाचे आहेत."

कुणीतरी हसलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ती बाई संथ नव्हती. ती कपड्यातल्या सुया शोधत होती. इस्त्रीच्या आधी, हाताने. ती गेल्यावर काम वाढलं, कारण सुया शोधायचं कामच बंद पडलं. नंतर एका बाईच्या बोटात सुई गेली."

मॅडमनी हातातली पानं उलटली. "हे केसमध्ये कुठे आहे?"

"केसमध्ये नाहीये."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

त्याने कॉलरवरून नजर काढली. "घड्याळ माझ्या हातात होतं."

आता कुणी हसलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं; डबी, दोन रकाने, सहा महिन्यांच्या तपासण्या. वाक्यं धड नव्हती, दोनदा तो मध्येच अडला आणि पुन्हा मागून सुरू झाला. पण आज त्याला शब्द जुळवायची गरज पडली नाही. ते गेलं वर्षभर तसेच पडून होते.

तोफेने पाटी उभी केली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "पण तो वेळ रिकामा म्हणून लिहा, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कॉलर किंचित हलली. मॅनेजर वळले नव्हते, पण त्यांचं पेन वहीवर थांबलं होतं. सुपरवायझरच्या मनात इन्चार्जची केबिन आली, बायकोचा चहा आला, मुलीने लाल पेनने तपासलेली उत्तरं आली. सांगणारा समोरच बसला होता.

"विचारलं होतं मी," तो म्हणाला. "उत्तर मिळालं. पण लिहिलं मी. माझ्या हाताने लिहिलं."

तो बसला. मॅडम फळ्याकडे वळल्या. त्यांनी अठरा पुसला नाही, त्याच्या बाजूला एक रिकामा चौकोन काढला आणि म्हणाल्या, "ही केस पुढच्या महिन्यात छापायला जाणार होती." मग त्यांनी पाहुण्यांना काही बोलायचंय का, असं विचारलं. मॅनेजर म्हणाले, "आत्ता नाही," आणि वही मिटली.

बाहेर पडताना मागच्या टेबलावर त्याने यादीत चोरून पाहिलं. त्याच्या नावापुढे एक बारीक खूण होती. इतके शनिवार जिच्यासाठी झोप उडाली होती ती एवढीशी होती, आणि ती बघून त्याला तसूभरही हायसं वाटलं नाही.

कॉरिडॉरच्या टोकाला मॅनेजर उभे होते. त्यांना टाळून जायला दुसरी वाट नव्हती.

"ते फॉर्म," मॅनेजर म्हणाले, "मूळचे, हाताने लिहिलेले. आहेत का अजून?"

"आहेत साहेब. माझ्या कपाटात."

"कुणाला दाखवलेत?"

"नाही."

मॅनेजरांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुसरं काय होतं तेही त्याला वाचता येईना. "सोमवारी घेऊन या," ते म्हणाले. "सगळे." आणि जिना उतरून गेले.

सोमवारी ते फॉर्म कुणाच्या टेबलावर जाणार होते आणि कुणाच्या कचरापेटीत, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि याला विचारायचं धैर्य झालं नाही. त्या दिवसापुरतं जेवढं धैर्य होतं तेवढं वर्गात संपलं होतं. खिशात फोन वाजला. मुलगी होती.

"बोललात का बाबा?"

"बोललो."

"चारही वाक्यं?"

"एकही नाही."

"मग पास ना?"

"या विषयात पास," तो म्हणाला. "बाकीचं सोमवारी कळेल. आणि ऐक, आईला विचार, आमच्या लाँड्रीतल्या मावशी आता कुठे राहतात ते तिला माहीत आहे का. सोमवारच्या आधी मला त्यांच्याकडे जाऊन यायचंय."

बोलता बोलता त्याचा दुसरा हात खिशातल्या कार्डाच्या कडेवरून, टोकापासून टोकापर्यंत, सावकाश फिरत होता.