डोक्यावर बूट

मी समोवार बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. पोटात पाणी, मधल्या नळकांड्यात निखारे, खाली तोटी आणि डोक्यावर चहाची किटली, एवढाच माझा संसार.

जन्म रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरातला. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या समोवार ठोकत आले. आमचा देश केवढा म्हणाल, तर एका टोकाला लोक सकाळचा चहा पितात तेव्हा दुसऱ्या टोकाला माणसं पांघरुणात शिरत असतात. हिवाळ्यात दाराबाहेर गुडघाभर बर्फ. मग सगळं घर मला घेरून बसतं. चमचाभर मुरांबा चाटायचा, वर चहाचा घोट घ्यायचा, आणि सगळ्या जगाची निंदा करायची. निखारा मंदावला, तर कुणीतरी पायातला उंच चामडी बूट काढतं, माझ्या नळकांड्यावर त्याचं तोंड बसवतं आणि भात्यासारखं दाबतं. आमच्यात यात लाज नाही.

माझी मालकीण झोयाबाई मला गोधडीत गुंडाळून अमेरिकेत घेऊन आली. ती गेली, आणि तिच्या नातवाने मला जुन्या सामानाच्या विक्रीत गॅरेजसमोर मांडलं. तिथल्याच पार्सिपनी गावच्या देवदत्तने उचललं. मूळचा कराडचा, कॉम्प्युटरवाला. त्याची बायको आश्लेषा मला बघून म्हणाली, "सो क्यूट! याचा लॅम्प करू यार." म्हणजे माझ्या पोटाला भोक, आत वायर, डोक्यावर कापडी टोपी. जिवंतपणी सुतक.

देवदत्तची आई सुमित्राबाई सहा महिन्यांसाठी आली होती. तिने मला खालून वर पाहिलं. "अरे, हा तर बंब! माझ्या माहेरी न्हाणीत असाच होता."

बंब! पाहुण्यांना चहा पाजण्यात माझा जन्म गेला आणि ही मला आंघोळीला जुंपते. मला उकळीच फुटली असती, पण पोटात पाणी नव्हतं.

रविवारी देवदत्तने ड्रिल काढलं आणि माझ्या पोटावर पेन्सिलीने खूण केली. सुमित्राबाईने मला उचलून मांडीवर घेतलं. "आधी माझ्या कपाळाला भोक पाड."

आई, हे चालतच नाही, चाललं तर ठेवू, असं तो म्हणाला. बाई म्हणाली, बारा वाजेपर्यंत पाणी उकळून दाखवते. नाहीतर कर दिवा आणि लाव माझ्या उशाशी.

मागच्या डेकवर तिने मला बसवलं, हळदकुंकू लावलं, पाणी भरलं. झाडाखालची पाइनची बोंडं वेचून नळकांड्यात घातली. बोंडं दमट. धूर एवढा झाला की आश्लेषा खिडकीतून ओरडली, "आई, प्लीज, असोसिएशनची नोटीस येईल!" बाई फुंकून फुंकून लालबुंद झाली. पाणी जेमतेम कोमट. साडेअकरा वाजले होते. देवदत्त ड्रिल घेऊन दारात उभा.

तेवढ्यात शेजारची गलिनाबाई धुराच्या वासावर गवतातून धावत आली. सत्तरीची, माझ्याच मुलखातली. विचारणं नाही, पुसणं नाही. खाली बसली, बूट काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवून दोनदा दाबला. किती वर्षांनी! मला रडू आलं, तोटी ठिबकली.

"ए बाई, कुंकू लावलंय त्याला!" सुमित्राबाईने बूट उचलून अंगणात भिरकावला. गलिनाने लंगडत जाऊन परत आणला. हिने पुन्हा फेकला. तिसऱ्या खेपेला दोघी बूट धरून ओढायला लागल्या. एक मराठीतून शिव्या देत होती, दुसरी रशियनमधून. दोन्ही मला कळत होत्या. आणि इकडे निखारा विझत होता.

पण सुमित्राबाई काही खुळी नव्हती. त्या दोन दाबांत आतला लाल उजेड तिने बघितला होता. ती तरातरा घरात गेली आणि एक खोकं घेऊन आली. देवदत्तने तिच्यासाठी आणलेले उंच बूट होते ते. हे घालून काय घोड्यावर बसू, म्हणून तिने पायाला लावले नव्हते.

"हा घे. कोरा आहे. भुईला लागलेला नाही."

गलिनाने बूट उलटा केला, तळ बघितला, हुंगला आणि हसली. मग दोघी आळीपाळीने दाबत बसल्या. मी गुरगुरलो, घुमलो, आणि बाराला पाच कमी असताना खळाखळा उकळलो.

लगेच दुसरं भांडण. सुमित्राबाईने आंघोळीची बादली आणली, गलिनाने किटली आणि चेरीचा मुरांबा. गलिनाने सुमित्राबाईला खांदा धरून खाली बसवलं आणि तोंडात चमचा कोंबला. "गोडमिट्ट केलाय मेलीने," असं म्हणत बाईने आणखी दोन चमचे खाल्ले.

देवदत्तने ड्रिल वापरलंच. डेकच्या खांबाला भोक पाडून त्या बुटासाठी खिळा ठोकला.

आता रोज चार वाजता दोघींचा चहा होतो. शनिवारी मात्र सुमित्राबाई माझ्याच पाण्याने केस धुते. मान खाली घालून सोसतो. पोटावरची पेन्सिलीची खूण पुसू नका म्हणावं, माज उतरायला बरी पडते.

तुमच्या माळ्यावर एखादा तांब्याचा बंब धूळ खात पडला असेल. तो माझा भाऊ. त्याला खाली उतरवा, पाणी भरा, जाळ घाला. जाळ धरला नाही तर काय करायचं, ते सांगितलंच आहे. बूट तेवढा कोरा घ्या.