जजबाईंची बंद खोली

ल्युसिंडा टार्व्हर आमच्या बेलफर्डच्या नगर न्यायालयात न्यायाधीश झाल्या, तेव्हा काळ्या वस्तीत आनंद कमी आणि कुजबूजच जास्त झाली. ओहायोतलं आमचं पोलादाचं गाव, साल १९६३. त्या खुर्चीवर आमच्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं, बाई तर दूरच राहिली. मग गोऱ्या महापौरांना हे एकाएकी सुचलं कसं?

"फुकट कोण देतंय गं, ऑर्लीन?" चर्चच्या स्वयंपाकघरात रताळी सोलता सोलता माझी मैत्रीण व्हर्डेल मला म्हणाली. "आपली माणसं आपल्याच बाईच्या हातून तुरुंगात टाकायची, म्हणून बसवलीय तिला. तू तिथंच असतेस ना? ठेव जरा लक्ष."

मी तिथंच असायचे. नऊ वर्षं त्या कोर्टात साक्षी टिपून घ्यायचं आणि टाइप करायचं काम माझं होतं. लक्ष ठेवायला फार कष्ट पडले नाहीत. जजबाई आपल्या खोलीला कुलूप लावायच्या. मी कामासाठी आत गेले की टेबलावरचे कागद पटकन पालथे घालायच्या. आठवड्यातून दोनदा पोलीसप्रमुख हॅस्केट यायचा, दार लावून बसायचा आणि हसत बाहेर पडायचा.

हे मी व्हर्डेलला सांगितलं. रविवारी चर्चमध्ये जजबाईंच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

मग एमस पेटीफोर्डचा खटला आला. एमस पोलाद कारखान्यात रखवालदार होता. त्यानं डोनिगन नावाच्या पोलिसावर हल्ला केला, असा आरोप होता.

"मी त्याला थांबवलं," डोनिगननं शपथेवर सांगितलं, "तर हा डावा हात उगारून माझ्या अंगावर आला."

त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते माझ्या कागदावर उतरलंसुद्धा. मी दचकून थांबले. वर पाहिलं, तर जजबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"मिस्टर पेटीफोर्ड," त्या म्हणाल्या, "डावा हात वर करा."

एमस उभा राहिला. हात कमरेच्या वर काही येईना.

"नाही येत, बाईसाहेब. सात वर्षांपूर्वी यंत्रात सापडला होता."

जजबाईंनी खणातून कागद काढले. "मिस्टर डोनिगन, हेच वाक्य तुम्ही याच कोर्टात याआधी अकरा वेळा सांगितलंय. अकराच्या अकरा माणसं डावखुरी होती?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हॅस्केट उठून निघून गेला. एमस सुटला आणि ते अकरा जुने खटले पुन्हा उघडले. त्यातले दोघं आरोपी तोवर वारले होते.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. "त्या साक्षी मीच टाइप केल्या होत्या. मला का नाही विचारलंत?"

"म्हणूनच नाही विचारलं, मिस गॅस्किन. अकरा वेळा टाइप केलंत आणि गप्प बसलात. तुम्ही पोलिसांच्या बाजूच्या नाही, हे मला कसं कळणार?"

"माझ्या लक्षातच आलं नव्हतं," मी म्हणाले. ते खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

"आणि हॅस्केट?" मीच पुढे विचारलं.

"पोलीस ज्याला धरतील त्याला आत टाका म्हणून गळ घालायला यायचा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "चर्चमध्ये माझ्याबद्दल कोण काय सांगतं, तेही कानावर येतं माझ्या."

मला मान वर करवेना.

आमच्याकडे न्यायाधीशालाही मतांवर निवडून यावं लागतं; पुढच्या निवडणुकीत महापौरांनी त्यांची साथ सोडली. व्हर्डेल मात्र त्यांच्यासाठी दारोदार फिरली. थोडक्या मतांनी का होईना, बाई निवडून आल्या आणि पुढे एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर राहिल्या. मीही तेवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. आमची मैत्री अशी कधी झाली नाही. दर शुक्रवारी त्या माझे कागद ओळ न् ओळ तपासायच्या. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा शेवटच्या खटल्याचे कागद त्यांनी मागून घेतले आणि त्यात एक चूक काढून दाखवली.