गोठ्यातला ड्रेस

माहेरी पाय ठेवून तास झाला नाही तोवर साखरेच्या डब्यावरून दीपमालाचं डोकं फिरलं. ती लहानाची मोठी झाली तोवर तो डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यात, मिठाच्या बरणीला खेटून होता. आता तिथं कुकर बसला होता.

"आई, साखर कुठाय गं?"

रंगूबाई सोप्यात नातीचे लाड करत बसली होती. तिथनंच म्हणाली, "क्रांतीला इचार बाई. मला आता ह्या घरातलं कायबी म्हाईत नसतं."

आई हे हसून म्हणाली. सुखानं म्हणाली. तेच दीपमालाला जास्त लागलं.

क्रांती म्हणजे तिची वहिनी. दीपमालाचं लग्न झालं, ती सांगलीला, कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या जयराजच्या घरी गेली, आणि त्याच वर्षी थोरल्या भावाचं लग्न होऊन क्रांती या घरात आली. एक मुलगी गेली नि दुसरी आली, असं आल्यागेल्याला आई सांगायची. ऐकायला गोड वाक्य आहे. पण जी गेली तिला ते गोड लागत नाही, एवढं काही कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. भाऊ फौजेत, वर्षातनं एकदा सुट्टीवर. त्यामुळे घर, ऊस, म्हातारा-म्हातारी आणि म्हैस असं सगळं क्रांतीच्याच हातात होतं.

आणि हात तरी केवढा गुणी! आबा आंघोळीला निघाले तर पाणी आधीच काढलेलं. आईला गोळी घ्यायची वेळ झाली तर गोळी आधीच तळहातावर. दीपमालाची चार वर्षांची पोरगी स्वरा, जी कुपवाडला सख्ख्या आत्याकडंही जायची नाही, ती दुपारपर्यंत मामीच्या कडेवर चढून बसली. जयराजनं तर जेवताना कहरच केला. म्हणाला, "वहिनी, असली आमटी आमच्याकडं होत न्हाई." दीपमालानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचा घास मुकाट्यानं गिळला.

तिला स्वतःलाही कळत होतं की हा निव्वळ जळफळाट आहे. क्रांतीनं काय वाकडं केलं होतं तिचं? काहीच नाही. तेच तर वाईट होतं. वाकडं काही केलं असतं तर भांडता आलं असतं. सासरी दोन खोल्यांत ती धाकटी सून, तिथं थोरल्या जावेचं राज्य. मग निदान इथं तरी कुणीतरी म्हणावं, 'दीपे, तू गेल्यापासनं ह्या घराचं अडतंय.' एवढं एकच वाक्य ऐकायला ती कोरेगावची गाडी पकडून आली होती. पण या घराचं काही म्हणता काही अडत नव्हतं.

संध्याकाळी आई आणि आबा भावकीत बारशाला गेले. जयराज पोरीला घेऊन उसाकडं. घरात दीपमाला एकटी. मग तिला आठवण झाली चांदीची.

चांदी म्हणजे घरची म्हैस, कपाळावर पांढरा चांद असलेली. तिची आई तिला विताना मेली, तेव्हा या रेडकाला बाटलीनं दूध पाजून दीपमालानं वाढवलं होतं. चांदी पहिल्यांदा व्याली तेव्हा धारेला दीपमालाच बसली, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीच्या अंगानंही तिनंच धार काढली होती. त्यानंतर मात्र आईनं तिला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. माहेरवाशिणीनं शेणात हात घालायचा नाही, बसून खायचं, हा आईचा कायदा. दरवेळी दीपमाला लांबनंच चांदीला हाक मारायची आणि दरवेळी दोन दिवस संपून जायचे.

आज कायदा मोडायला कुणी आडवं नव्हतं. ती गोठ्याच्या दारात आली आणि तिथंच खिळली.

क्रांती धारेला बसली होती. घरात सदा पदर खांद्यावर घेऊन वावरणारी ही सून, आणि आत्ता अंगावर पंजाबी ड्रेस. पिकल्या आंब्याच्या रंगाचा. गळ्याला बारीक आरशांचं काम. ते आरसे दीपमालानं कॉलेजात असताना स्वतः टाके घालून लावले होते. लग्नानंतर सासरी ड्रेस चालायचा नाही म्हणून, माहेरी आल्यावर घालायला असावा म्हणून, तिनं तो आईच्या ट्रंकेत ठेवला होता, पण दोन दिवसांच्या मुक्कामात तो बाहेर काढायचं राहूनच जायचं. त्याच्या बाह्या आता शेणानं माखलेल्या. काखेत ठिगळ.

साखरेचा डबा गेला, आई गेली, पोरगी गेली, आता अंगावरचे कपडेसुद्धा!

"काढा तो ड्रेस."

क्रांती दचकली. धार संपतच आली होती. चरवी बाजूला ठेवत ती उठली. "वन्सं, हा मी चांदीसाठनं..."

"चांदीचं नाव घिऊ नका माझ्यापुढं. चांदीला मी वाढवलीय. तुमाला सगळं मिळालं न्हवं ह्या घरात? आई मिळाली, आबा मिळालं. माझं एक जुनेर तरी माझ्यासाठनं ऱ्हाऊ द्यायचं हुतं."

क्रांतीचं तोंड उतरलं. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दीपमालाचा अवतार बघून मिटलं. घरात जाऊन साडी नेसली आणि ड्रेसची घडी करून दीपमालाच्या हातात आणून दिली. उलटून बोलली असती तर बरं झालं असतं.

दीपमालानं तो ड्रेस पाठीमागच्या दगडावर आपटून आपटून धुतला. साबणाची अर्धी वडी संपवली. शेणाचा वास गेला, घामाचा गेला, म्हशीचा गेला. वरनं एक झाकण वासाचं पाणीही ओतलं. दोरीवर वाळत घातला तेव्हा तिला जरा गार वाटलं. जयराज आला, ड्रेस बघितला आणि म्हणाला, "एवढा कुटलास, पण त्यात तुझा एक दंड तरी मावंल का आता?"

सकाळी गलका ऐकून तिला जाग आली. आई परसात उभी होती. गोठ्यात चांदी पाय आपटत होती. क्रांती साडीत, रिकामी चरवी घेऊन दाराबाहेरच थांबलेली.

"अगं, ड्रेस कुठाय?" आई विचारत होती.

"धुतला, वन्संनी."

"धुतला?" आईनं कपाळावर हात मारला आणि पायरीवरच बसली. "आगं माझे बाई! साबणानं?"

मग सगळं बाहेर आलं. दीपमाला सासरी गेली तशी चांदीनं धार द्यायचं बंद केलं होतं. आई बसली, लाथ. आबा बसले, लाथ. नवी सून बसली, तर चरवीच उडाली. कास दगड झाली. म्हशीचं असंच असतं. एका हाताची सवय लागली की ती दुसऱ्याला उभं करत नाही. कितीतरी घरी बायको माहेरी गेली की गडी तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसतो. शेवटी आईनं दीपमालाच्या अंगाचा वास असलेला ट्रंकेतला ड्रेस काढून क्रांतीच्या अंगात घातला. चांदीनं तो हुंगला आणि गुमान उभी राहिली. या घरात सुनेनं ड्रेस घालायचा नाही हा दंडक होता, पण म्हशीपुढं तो चालला नाही. तेव्हापासनं सकाळ-संध्याकाळ तोच ड्रेस. पाण्यातनं काढायचा, पण साबण लावायचा नाही.

"तुला कशापायी सांगायचं म्हणून न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "तकडं जीवाला घोर लावून बसली असतीस. आता काय करायचं? रेडकूबी मेलंय औंदा, न्हाईतर त्याला लावून पान्हा सोडवला असता."

ऐकताना दीपमालाला काय वाटलं असेल? लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण लाजेच्या खालनं आनंदाची अशी उकळी फुटली की तिला हसू दाबता येईना. म्हणजे चांदीनं तिला टाकलं नव्हतं! घर विसरलं, आई विसरली, पण मुक्या जनावरानं ओळख ठेवली होती. इतकी वर्षं क्रांती तिच्याच नावावर दूध काढत होती.

"सरका," ती म्हणाली. "मी हाय न्हवं? मीच बसते."

तिनं दोरीवरचा ड्रेस ओढला आणि आत जाऊन अंगात घातला. बगलेतली शिवण उसवली, तरी घातला. ती गोठ्यात शिरली तेव्हा सगळं घर दाराशी जमलं होतं: आई, आबा, जयराज, त्याच्या खांद्यावर स्वरा. क्रांती सगळ्यांच्या मागं.

"चांदे," दीपमालानं हाक मारली. "आगं, मी आलेय."

चांदीनं मान वळवली. ड्रेस हुंगला. एकदा हुंगला, दोनदा हुंगला, आणि फुस्स करून नाक झटकलं. दीपमाला खाली बसली. कासेवर पाणी मारलं. हात तेच होते, रीतही तीच. आचळाला हात लागला मात्र, म्हशीनं सगळं अंग आखडून घेतलं. थेंब नाही. "चांदे, माझे बाय, वळीख की गं," दीपमाला पुटपुटत होती. पुटपुटताना आवाज रडवा झालेला तिला स्वतःला ऐकू आला. तेवढ्यात लाथ आली. चरवी भिंतीवर आदळली आणि दीपमाला शेणात बसली.

कुणी हसलं नाही. जयराजसुद्धा नाही.

चांदी मान लांब करून दाराकडं बघत होती. माणसांच्या मागं बघत होती. मग तिनं रेकायला सुरुवात केली.

"क्रांती," आबा हळूच म्हणाले, "जा बघू, बाय."

"साडीवर? लाथ घालंल आबा."

"घातली तर घातली."

क्रांती पदर खोचून भीत भीत आत आली. दीपमालाला आधी हाताला धरून उठवलं. मग चांदीच्या गळ्याखाली खाजवलं, तोंडानं कसलासा बारीक आवाज केला, आणि चरवी गुडघ्यात धरून बसली. चांदीनं तिची साडी हुंगलीसुद्धा नाही. पाय फाकवून उभी राहिली, डोळे अर्धे मिटले, आणि पान्हा सोडला. पितळेच्या तळाला धारेचा आवाज लागला तसे सगळे दारातनं पुढं सरकले.

क्रांती धार काढता काढता रडत होती आणि हसतही होती. "आत्या, दिलं वो! माझ्या अंगावर दिलं!"

"दिलं गं बाई, दिलं," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

"लय दिवस वाटायचं वन्सं," क्रांती मान खाली घालूनच म्हणाली, "ह्या घरात आपलं कायबी न्हाई. दूध काढती मी आन् म्हस देती तुमाला. तुमी यायचा फोन आला की माझं कामात ध्यान लागायचं न्हाई. आता आल्या की म्हस तुमाला बघून रेकंल, असं वाटायचं. लय जळायची मी तुमच्यावर."

दीपमाला शेणानं भरलेल्या ड्रेसमध्ये उभी होती. आपल्यावर कुणी जळत होतं, आणि इतकी वर्षं जळत होतं, ही बातमी तिला काल मिळाली असती तर ती सुखानं नाचली असती. आज ती मिळाली, ती जळण्याचं कारणच संपल्यावर. या घराचं तिच्यावाचून सकाळ-संध्याकाळ अडत होतं, रोज अडत होतं, आणि ते अडणं तिनं स्वतःच्या हातांनी दगडावर आपटून, साबण लावून धुऊन टाकलं होतं.

दुपारी निघायच्या वेळी क्रांतीनं तो ड्रेस पुन्हा खळबळून, वाळवून, घडी करून तिच्यापुढं धरला. "घ्या वन्सं. आता लागत न्हाई." बोलण्यात खोट नव्हती. सरळ मनानं देत होती.

दीपमालाचा हात पुढं झाला नाही. "ऱ्हाऊ द्या की हितंच," ती म्हणाली. "हट्टी हाय ती. कवातरी लागंल."

क्रांतीनं क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं. मग "व्हय, लागंल की" म्हणाली आणि गोठ्यातल्या खिळ्याला ड्रेस अडकवून आली.

कुपवाडला आल्यावर पिशवी उपसताना शेंगदाण्याच्या चटणीखाली, तुपाच्या बरणीखाली, दीपमालाच्या हाताला आरसे लागले. आईचं काम. लेकीनं एवढं भांडून मागितला, तर द्यावा, असा विचार करून म्हातारीनं कुणाला न सांगता खिळ्यावरनं काढून पिशवीत कोंबला होता. दीपमाला तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग तो तिनं दोरीवर टाकला आणि दोरीवरच ठेवला.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी क्रांतीचा फोन आला.

"वन्सं, काय सांगू! आज चांदीनं लय छळलं बघा. माझ्या साडीवर उभीच ऱ्हाईना. चरवी उडवली. शेवटाला खिळ्यावरचा तुमचा ड्रेस घातला, तवा कुठं पान्हा सोडला."

दीपमालाच्या समोर गॅलरीतल्या दोरीवर आंब्याच्या रंगाचा ड्रेस वाऱ्यावर हलत होता.

म्हणजे त्या खिळ्याकडं क्रांतीनं त्या दिवसापासनं एकदाही बघितलं नव्हतं. बघायची गरजच पडली नव्हती. हे तिच्या काळजात रुतलं. आणि तरीही ती बाई धार काढून, हात धुऊन, हे खोटं सांगायला फोन करत होती.

"व्हय का?" दीपमाला म्हणाली. "मी म्हणलंच हुतं तुमाला. लागंल म्हणून."

"म्हणला हुता की. साबण न्हाई लावत आता, काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर ती दोरीपाशी गेली. आमटी क्रांतीची चांगली, हात चांगला, म्हैस तिची, आई तिची. आणि आता खोटं बोलायचं म्हटलं तर तेसुद्धा आपल्यापेक्षा तिलाच चांगलं जमतं, हे दीपमालाला कळून चुकलं, आणि त्याचाही तिला मनापासून हेवा वाटला.